टाळू रुंद करणारी काढ-घाल प्लेट आणि तिला नाक मुरडणारे एडवर्ड अँगल

तुमच्या लहान भावाला किंवा बहिणीला दाताच्या डॉक्टरांनी एखादी गुलाबी प्लेट दिली असेल, तर ती एकदा हातात घेऊन नीट बघा. ॲक्रिलिकची, टाळूच्या आकाराची, मधोमध उभी कापलेली आणि त्या कापावर आडवा बसवलेला एक बारीक स्क्रू. दोन्ही बाजूंना दाढांना धरून ठेवणाऱ्या तारेच्या क्लिपा. सोबत एक छोटीशी किल्ली. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी किल्ली स्क्रूच्या भोकात घालायची आणि बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवायची. एका पाव फेऱ्याला प्लेटचे दोन भाग एकमेकांपासून साधारण ०.२ ते ०.२५ मिलिमीटर लांब सरकतात. बस्स, एवढंच. आठवड्याला एकदा असं केलं तरी चार-पाच महिन्यांत ही सरक साठत साठत चार-पाच मिलिमीटरपर्यंत जाते आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या दातांना जागा मिळायला लागते.

जेवताना ही प्लेट काढता येते, ब्रशने घासता येते, शाळेच्या ग्रुप फोटोपुरती डबीत ठेवता येते. आणि अर्थातच हॉटेलच्या टेबलावर टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून विसरताही येते.

नाशिकला पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे आणि दिंडोरी रोडवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय. १९९८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या बीडीएस अभ्यासक्रमात ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वाकडे दात सरळ करायचं शास्त्र, शिकताना दोन गोष्टी टळत नाहीत. एक म्हणजे अँगलचं वर्गीकरण : क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री. दुसरी म्हणजे पक्कड हातात घेऊन तार वाकवायची आणि काढ-घाल प्लेटच्या क्लिपा, स्प्रिंगा बनवायच्या. एकाच विषयात, एकाच वर्गात. पण ज्या माणसाच्या नावाचं वर्गीकरण पाठ करायचं, त्याला ही काढ-घाल प्लेट अजिबात पसंत नव्हती. दातांना जागा करायची तर जबड्याची कमान रुंद करा, दात उपटू नका, हे मात्र त्याच माणसाने जगाला ओरडून सांगितलं. हा काय प्रकार आहे, ते आज बघू.

आधी टाळूचं गणित

जिभेचं टोक वर लावा आणि मागे न्या. जो कडक भाग लागतो ती टाळू. हे एक अखंड हाड नाही. डावा आणि उजवा असे दोन भाग मधोमध एका सांध्याने जोडलेले असतात. लहान मुलांमध्ये हा सांधा बऱ्यापैकी सरळ आणि सैल असतो. वय वाढतं तशी दोन्ही कडांना दाते फुटून ते एकमेकांत अडकत जातात. साधारण पंधरा-सोळाच्या पुढे तो उघडणं कठीण होत जातं, अर्थात हे माणसागणिक बदलतं.

हा सांधा स्क्रूने उघडता येतो, असं सगळ्यात आधी छापून सांगणारा माणूस आपल्या गोष्टीचा नायक नाही, पण नाव फसवं आहे : इमर्सन एंजेल. ते सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य. १८६० साली त्यांनी साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत आडवा जॅकस्क्रू बसवला. गाडीचं चाक बदलताना आपण जॅक लावतो ना, तत्त्व तेच. किल्ली त्या मुलीच्याच हातात दिली आणि स्क्रू घट्ट ठेवत जायला सांगितलं. दोन आठवड्यांत तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. एंजेल म्हणाले, हाडं वेगळी झाली. लेख छापणाऱ्या मासिकाने सोबतच शंकाही व्यक्त केली. एक्स-रेचा शोध लागायला अजून ३५ वर्षं होती, त्यामुळे पुरावा दाखवणार कसा? विषय जवळजवळ शंभर वर्षं बाजूला पडला. १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी एक्स-रे आणि केसेस मांडून तो परत आणला, पण त्यांचं उपकरण दाढांना सिमेंटने पक्कं चिकटवलेलं होतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण रील्सवर या विषयाचा नुसता पूर आलाय. विशी ओलांडलेल्या माणसाने ऑनलाइन प्लेट मागवून स्वतःच किल्ली फिरवली, तर सांधा उघडत नाही. दात बाहेरच्या बाजूला कलतात, हिरडी मागे सरकते आणि दाढेच्या बाहेरचं पातळ हाड झिजतं. जबडा रुंद झाल्यासारखा दिसतो खरा, पण ते कललेले दात असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेत, मेंढ्या आणि दातांचा दवाखाना

एडवर्ड हार्टली अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हेरिक नावाच्या गावी झाला. शेतकऱ्याचं घर. शाळेत फार चमक नव्हती, पण अवजारं, यंत्रं, जोडणी असल्या गोष्टींत हात जबरदस्त चालायचा. त्या काळी यंत्रात रमणाऱ्या मुलाला दंतवैद्य करणं यात विचित्र काही नव्हतं, कारण ते काम अर्धं डॉक्टरचं आणि अर्धं सोनाराचं होतं. आधी एका दंतवैद्याकडे उमेदवारी आणि मग १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजची पदवी, असा त्यांचा प्रवास झाला.

दवाखाना सुरू केला, पण फुप्फुसांच्या आजाराने तब्येत बिघडली. मग ते पश्चिमेला मिनियापोलिसला गेले. तिथून १८८२ च्या सुमारास मोंटानामध्ये मेंढपाळीचा धंदा करायला! कडाक्याच्या हिवाळ्यात मेंढ्या मेल्या आणि धंदा बुडाला. अँगल परत दातांकडे वळले. तो हिवाळा जरा सौम्य असता तर आज क्लास वन, क्लास टूचं नाव काही वेगळंच असतं, असं वाटून जातं.

१८८६ पासून ते मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले आणि पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली. त्या काळी वाकडे दात सरळ करणं म्हणजे प्रत्येक पेशंटसाठी नवा जुगाड. डॉक्टर स्वतः धातू कापणार, ठोकणार, डाग लावणार आणि प्रत्येकाचं यंत्र वेगळं. अँगल यांनी काय केलं, तर थोडेसेच सुटे भाग ठरवले : ढकलणारा जॅकस्क्रू, ओढणारा स्क्रू, दाताभोवती बसणाऱ्या पट्ट्या, नळ्या, तारा. हे भाग कारखान्यात एकाच मापात बनणार आणि हवे तसे जोडता येणार. फोनचा चार्जर कुठलाही चालावा म्हणून टाइप-सी आलं, तसाच हा विचार. फरक इतकाच की अँगल यांनी त्यावर पेटंटं घेतली. आयुष्यभरात चाळीसच्या वर.

वादही लगेच सुरू झाले. स्क्रूने मोजून-मापून दात सरकवण्यावर न्यूयॉर्कचे जॉन नटिंग फरार आधीपासून लिहीत होते आणि श्रेय कुणाचं यावर चांगलीच जुंपली. अँगल यांचा स्वभाव माघार घेणारा नव्हता. पुढे तर त्यांची बहुतेकांशी भांडणं झाली, त्यांची यादी इथे देत बसत नाही.

१८९२ मध्ये त्यांनी एक धाडस केलं. दात भरणं, काढणं, कवळी बसवणं, सगळं बंद. फक्त वाकडे दात. तेव्हा असं एकाच कामावर पोट भरणारा दंतवैद्य हा जवळपास अपवादच होता. शिकागो आणि सेंट लुईसच्या कॉलेजांत ते शिकवत होते, पण त्यांना या विषयाला जेवढा वेळ हवा होता तेवढा कुणी द्यायला तयार नव्हतं. शेवटी १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईसला स्वतःची शाळाच काढली. कोर्स काही आठवड्यांचा, पण अट कडक : इथे शिकलात की बाकीची दंतवैद्यकी सोडायची. त्याच सुमारास त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऑर्थोडॉन्टिस्टांची पहिली संघटना उभी केली आणि अँगल तिचे पहिले अध्यक्ष झाले.

आणि ते वर्गीकरण? ते १८९९ चं. कल्पना इतकी सोपी आहे की आरशात बघून समजेल. वरची पहिली मोठी दाढ, जी साधारण सहाव्या वर्षी येते, ती खालच्या पहिल्या मोठ्या दाढेवर कशी बसते ते पाहायचं. जागच्या जागी बसली आणि बाकीचे दात वाकडे, तर क्लास वन. खालची दाढ मागे राहिली तर क्लास टू. खालची पुढे गेली तर क्लास थ्री. झालं वर्गीकरण. त्याआधी डॉक्टर एकेका वाकड्या दाताचं वर्णन करत बसायचे. या तीन खणांमुळे नाशिकचा डॉक्टर, टोकियोचा डॉक्टर आणि साओ पावलोचा डॉक्टर एका शब्दात एकमेकांना केस सांगू शकतात. यात त्रुटी आहेत. हे फक्त पुढे-मागेचं बघतं. जबडा अरुंद आहे की नाही, हे त्यात येतच नाही. म्हणजे आपला आजचा विषय, टाळूची रुंदी, अँगल यांच्या वर्गीकरणातून सुटलेला आहे. सव्वाशे वर्षं झाली तरी पहिल्या दिवशी शिकवलं जातं ते हेच.

एकही दात काढायचा नाही

अँगल यांच्याकडे एक जुनी कवटी होती. तिच्यातले सगळे दात जागेवर, एकही वाकडा नाही. तिला त्यांनी लाडाने ओल्ड ग्लोरी नाव दिलं होतं. त्यांच्या डोक्यातलं आदर्श तोंड असं होतं : सगळेच्या सगळे दात, प्रत्येक आपल्या जागी. निसर्गाने एवढे दात दिलेत तर त्यांना जागाही दिलेली असणार. जागा दिसत नसेल तर हाड पुरेसं वाढलेलं नाही. दात बरोबर ठिकाणी नेऊन ठेवा, चावताना पडणाऱ्या जोराने हाड आपोआप त्यांच्याभोवती तयार होईल. हाडावर जसा भार पडतो तसं ते घडतं, हा सिद्धांत तेव्हा नवा होता आणि अँगल त्याने भारावून गेले होते.

चेहऱ्याबद्दलही त्यांना असाच एक साचा हवा होता. अपोलोचा प्रसिद्ध ग्रीक-रोमन पुतळा हा त्यांचा नमुना. सेंट लुईसचे चित्रकार एडमंड वुर्पेल यांना त्यांनी शाळेत कला शिकवायला बोलावलं. वुर्पेल यांनी त्यांना समजावलं की सुंदर चेहऱ्याचा एकच साचा नसतो, माणसं नाना तऱ्हेची असतात. अँगल यांनी त्यावरही आपलं उत्तर शोधलं : मग दात पूर्ण आणि नीट बसवा, ज्याचा त्याचा चेहरा आपोआप त्याला शोभेल असा होईल. पटवून घ्यायचं नाही म्हटल्यावर माणसाला काहीही जमतं.

या विचाराचं यंत्र म्हणजे त्यांची ई-आर्च. यातला ई म्हणजे एक्स्पान्शन, रुंद करणं. दाढांना पट्ट्या आणि त्यांना जोडलेली एक जाड, ताणलेली कमान दातांच्या बाहेरून फिरवलेली. आत दबलेला प्रत्येक दात बारीक तारेने त्या कमानीला बांधायचा आणि बाहेर ओढायचा. कमानीच्या टोकांना आटे आणि नट असायचे, ते फिरवून कमान पुढे सरकवायची. १९०७ च्या त्यांच्या जाडजूड पुस्तकात पानोपानी हेच आहे. आणि इथेच आधी सांगितलेला फरक येतो. ही कमान दात नुसते बाहेर कलवायची. मुळं जिथल्या तिथे, शेंडे बाहेर.

पण मग काढ-घाल प्लेट का नको?

प्लेट तर तेव्हाही होती. लंडनला वॉल्टर कॉफिन यांनी १८८१ मध्ये कडक रबराची, मधोमध कापलेली प्लेट दाखवली होती. स्क्रूच्या जागी पियानोच्या तारेची, डब्ल्यूच्या आकाराची स्प्रिंग. आजही ती कॉफिन स्प्रिंग म्हणूनच शिकवली जाते. पॅरिसला पिएर रोबँ यांनी १९०२ मध्ये सैल बसणारं काढ-घाल उपकरण केलं. खुद्द अमेरिकेत व्हिक्टर ह्यूगो जॅक्सन काढ-घाल उपकरणांचा पुरस्कार करत होते आणि पुढे न्यू ऑर्लिन्सच्या जॉर्ज क्रोझॅट यांनी नुसत्या तारेचं, टाळू मोकळी ठेवणारं काढ-घाल उपकरण काढलं.

अँगल यांना यातलं काहीच मान्य नव्हतं. प्लेट दाताला एका जागी टेकते आणि ढकलते. दात कलतो. तो गिरकी घेणार नाही, त्याचं मूळ सरळ होणार नाही. अँगल यांना तर प्रत्येक दात ओल्ड ग्लोरीसारखा, अंशाच्या हिशोबाने हवा होता. आणि दुसरी गोष्ट याहून मोठी. जे काढता येतं ते पेशंट काढून ठेवणार. दातावर पट्टी सिमेंटने बसवली की कंट्रोल डॉक्टरकडे. प्लेट दिली की कंट्रोल दहा वर्षांच्या मुलाकडे.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर तेव्हाच्या प्लेटा खरोखरच त्रासदायक होत्या. व्हल्कनाइट नावाचं कडक रबर, जाड, गडद रंगाचं. जागेवर पकड धरणाऱ्या चांगल्या क्लिपा नाहीत, त्यामुळे बोलताना प्लेट खाली यायची. आराम हा शब्द इथे ऐष म्हणून घेऊ नका. काढ-घाल उपकरणात आराम हाच इंजिनचा भाग असतो. टोचली तर मूल काढणार आणि काढली की उपचार थांबला. थांबला म्हणजे नुसता थांबला नाही, दात परत मागे यायला लागले. मग दोन दिवसांनी प्लेट घट्ट वाटते, अजून टोचते, अजून जास्त वेळ डबीत राहते.

प्लेट आरामशीर कशी होते, ते बघण्यासारखं आहे. ॲक्रिलिक साधारण दोन मिलिमीटर जाड, त्याहून जास्त नको. पण स्क्रूजवळ कमी करता येत नाही, कारण तिथे स्क्रूचं लोखंड झाकायचं असतं. मागची कड फार लांब नेली की उलटीची भावना होते, आखूड ठेवली की पकड जाते. हिरडीला लागणारी कड गुळगुळीत घासायची. जीभ जिथे टेकते तो भाग तर आरशासारखा पॉलिश हवा, कारण जिभेला केसाएवढा खरबरीतपणाही कळतो आणि ती दिवसभर तिथेच खेळत बसते. आणि आपली मराठी! आपल्या ळ, ण, ट, ड ला जीभ वर वळून टाळूला लागते, नेमकी जिथे प्लेट असते. चमच्यातला च आणि सकाळचा स यांना पुढच्या दातांमागची जागा लागते. म्हणून पहिले काही दिवस मूल बोबडं बोलतं. प्लेट लावून मोठ्याने वाचन केलं की जीभ नवीन जागा शिकते. आणि हे सगळं जमवल्यावरही प्लेट जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर घालावी लागते, तरच त्या पाव फेऱ्याला अर्थ.

भांडण आणि पासाडेना

१९११ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या राष्ट्रीय परिषदेत वादाचा भडका उडाला. शिकागोच्या कॅल्व्हिन केस यांनी मांडलं की काही मोजक्या लोकांना दात काढावेच लागतात. सगळ्यांचीच कमान रुंद केली तर कित्येकांचं तोंड पुढे येतं आणि दात टिकतही नाहीत. अँगल यांच्या बाजूने त्यांचे शिष्य मार्टिन ड्यूई उभे राहिले. केस काही सरसकट दात उपटा म्हणत नव्हते, पण हवा अँगल यांच्या बाजूची होती. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत दात काढून उपचार करणं म्हणजे अडाणीपणा मानला गेला.

दरम्यान सेंट लुईस सुटलं होतं. १९०८ मध्ये अँगल यांनी ॲना हॉपकिन्स यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्या आधी त्यांच्या सेक्रेटरी होत्या आणि मग स्वतः दंतवैद्य झाल्या. विद्यार्थी त्यांना मदर अँगल म्हणायचे. शाळेचा आणि कामाचा बराचसा भार त्यांच्या खांद्यावर होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीतही येत नाही. कनेटिकटमधल्या न्यू लंडनला काही वर्षं काढून हे जोडपं कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला गेलं. तिथे १९२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या मदतीने अँगल कॉलेज उभं राहिलं, घराच्याच आवारात.

दात नुसते कलतात, ही आपल्या ई-आर्चची खोट अँगल यांना चांगलीच कळली होती. १९१० मध्ये त्यांनी प्रत्येक दाताच्या पट्टीवर नळी आणि तारेला पिन असं यंत्र काढलं. ते इतकं नाजूक होतं की ते वापरणं फार थोड्यांनाच जमलं. मग १९१५-१६ च्या सुमारास चपट्या तारेची रिबन आर्च आली. आणि सत्तरीला टेकल्यावर, १९२५ मध्ये, एजवाइज. प्रत्येक दातावर एक छोटा ब्रॅकेट, त्यात आडवी चौकोनी खाच आणि खाचेत चौकोनी तार. गोल तार खाचेत गोल फिरते, चौकोनी फिरत नाही. त्यामुळे तारेला दिलेला पीळ थेट दाताच्या मुळापर्यंत पोचतो. खाचेचं माप ०.०२२ बाय ०.०२८ इंच. आज नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये दातांना ब्रेसेस लावल्या, तर ब्रॅकेटच्या बॉक्सवर बहुधा ०.०२२ हा आकडा दिसेल. शंभर वर्षांत प्रोसेसर, बल्ब, गाड्या सगळं बदललं, ही खाच टिकली.

११ ऑगस्ट १९३० रोजी कॅलिफोर्नियात अँगल यांचं निधन झालं. शिष्यांनी त्यांच्या नावाने नियतकालिक सुरू केलं, ते अजून निघतं.

त्यांच्यानंतर

अँगल यांच्या शेवटच्या काळातला लाडका शिष्य म्हणजे ॲरिझोनाचा चार्ल्स ट्वीड. अँगल यांच्या आग्रहावरून त्याने ॲरिझोनात ऑर्थोडॉन्टिक्सला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता देणारा कायदा करून घेतला, १९२९ मध्ये. गुरूच्या पद्धतीने तो काही वर्षं एकही दात न काढता उपचार करत राहिला. मग त्याने आपल्याच जुन्या पेशंटांचे फोटो आणि साचे समोर मांडले. कितीतरी जणांचे दात परत दाटले होते आणि तोंडं पुढे आलेली होती. ट्वीडने अशा पेशंटांना परत बोलावलं, चार उपदाढा काढल्या आणि एक पैसा न घेता पुन्हा उपचार केले. १९४० मध्ये त्याने अशा शंभर केसेसचे आधीचे आणि नंतरचे साचे मांडून दाखवले. ज्या एजवाइजने अँगल यांना एकही दात काढायचा नव्हता, तेच एजवाइज दात काढल्यानंतरची जागा बंद करायला उत्तम निघालं. ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग हेही पासाडेनाचेच विद्यार्थी, आणि तेही आपल्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. आज डॉक्टर दोन्ही करतात : कुणाची टाळू रुंद करायची आणि कुणाचे दात काढायचे, हे हाड, वय आणि चेहरा बघून ठरतं.

आणि प्लेट? अमेरिकेने ती टाकली, युरोपने उचलली. कारणं थोडी शास्त्राची, बरीचशी खिशाची. अँगल पद्धतीला सोन्यासारखे महागडे धातू लागायचे. युरोपात सरकारी आरोग्य योजनेतून हजारो मुलांवर उपचार करायचे होते आणि जर्मनीत तर दातांसाठी मौल्यवान धातू वापरण्यावरच बंदी आली. व्हिएन्नाचे मार्टिन श्वार्ट्झ यांनी १९३८ मध्ये स्क्रूच्या प्लेटांवर सविस्तर पुस्तक लिहिलं. मग ॲक्रिलिक आलं, हलकं आणि गुलाबी. १९५० मध्ये बेलफास्टच्या फिलिप ॲडम्स यांनी ०.७ मिलिमीटर स्टीलच्या तारेची क्लिप छापून मांडली. दाढेच्या दोन कोपऱ्यांखाली दोन बाण जाऊन बसतात आणि प्लेट हलत नाही. वर ज्या क्लिपा म्हटल्या त्या याच, आणि बीडीएसच्या प्रॅक्टिकलला बोटं सोलवटून घेऊन वाकवायची तीही हीच. अँगल यांची प्लेटवरची अर्धी तक्रार या छोट्याशा तारेने मिटवली.

उरलेली अर्धी अजून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इनव्हिजलाइनच्या टाळू रुंद करणाऱ्या थ्रीडी प्रिंटेड काढ-घाल उपकरणाला परवानगी दिली. त्यात स्क्रू नाही, किल्ली नाही. तोंडाच्या स्कॅनवरून एकापेक्षा एक किंचित रुंद अशी उपकरणांची अख्खी मालिका छापून येते आणि मूल ती क्रमाने बदलत जातं. पाव फेरा चुकायचा प्रश्नच नाही. घालायचा कंटाळा मात्र कुठल्याही प्रिंटरला छापून घालवता येत नाही.

त्यावर ऑस्ट्रियात एक उपाय निघालाय : थेरामॉन नावाची चिप. नखापेक्षा लहान, प्लेटच्या ॲक्रिलिकमध्येच पुरलेली. दर पंधरा मिनिटांनी ती तापमान नोंदवते. ३५ अंशांच्या आसपास असेल तर प्लेट तोंडात, खोलीचं तापमान असेल तर डबीत. पुढच्या भेटीत डॉक्टर रीडरजवळ प्लेट धरतात आणि स्क्रीनवर दिवसनिहाय आलेख उमटतो : सोमवारी १४ तास, मंगळवारी ९, शनिवार-रविवार शून्य.